इयागो आणि तुमचे आजोबा

प्रश्न : ताई नमस्कार. माझं गाव जांबोटीच्या पलीकडं, सध्या बेळगावात एमए इंग्लिश करतोय. वर्गात आर. एस. थॉमस यांची 'अ पेझंट' कविता झाली. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरातला इयागो प्रिदर्ख नावाचा एक शेतकरी, कपडे घामानं आणि जनावरांच्या वासानं आंबलेले, अर्धवट हसतो, रात्री शेगडीत थुंकत गप्प बसतो, आणि कवी म्हणतोय याच्या डोक्यातला रिकामेपणा बघून भीती वाटते. पोरं हसली. मला लई वाईट वाटलं, कारण माझे आजोबा अगदी असेच, नाचणीचं शेत, चार म्हशी, बोलणं कमी. कवी तर पाद्री होता म्हणे. मग हे प्रेम म्हणायचं की अपमान? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबरच आहे, आधी हे सांगते. तो रिकाम्या डोक्याचा शब्द मला आजही टोचतो. माझी आत्या कणकुंबीकडं दिलेली, तिचे मालक पण दिवसभर पावसात चिखलणी करून आले की चुलीपुढं असेच बसायचे, एक शब्द नाही, पण पेरा कधी, कुठल्या बांधातनं पाणी फुटणार, कुठली म्हैस आटणार, सगळं डोक्यात असायचं. बाहेरच्या माणसाला ती नुसती शांतता दिसते.

आणि थॉमस बाहेरचेच होते हो. जन्म 1913 चा, कार्डिफ शहरातला. 1942 ला मानावॉन नावाच्या डोंगरातल्या गावी चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री म्हणून आले आणि 1954 पर्यंत राहिले. नोव्हेंबरच्या एका काळोख्या, गार दिवशी हजार फुटावरच्या एका शेतावर भेटीला चालले होते, वाटेत त्या शेतकऱ्याचा भाऊ एकटाच रानात गुरांच्या चाऱ्याचं बीट छाटत होता, ते बघून मनाला असं लागलं की घरी येऊन ही कविता लिहिली. म्हणजे हा धक्का बसलेल्या माणसाचा आवाज आहे, तो धक्का त्यांनी लपवला नाही, गुळगुळीत केला नाही.

पण तुमच्या वर्गात शेवट नीट वाचला का? शेवटाला हाच इयागो प्रिदर्ख पावसाच्या वेढ्यात, वाऱ्याच्या झिजेत आपला वाण राखून उभा राहतो, आणि कवी त्याला अभेद्य गड म्हणतो. जूनमध्ये राजहंसगडावर वारं खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. याला विसरू नका, हाही लढाया जिंकणारा आहे, असं कवी आपल्याला बजावतोय. आधी किळस, मग मान, आणि दोन्ही खरं. मला वाटतं थॉमसना स्वतःच्याच किळसेची लाज वाटली असावी, कारण पुढं कितीतरी वर्षं ते या इयागोकडं परत परत येत राहिले.

आता दोन कविता अजून वाचा, 1952 च्या संग्रहातल्या. एकीत, 'द वेल्श हिल कंट्री'मध्ये, लांबून डोंगरावर मेंढ्या कशा छान चरताना दिसतात, पण त्यांचे सडलेले खूर, लिव्हरमधले जंत, कातडी कुरतडणाऱ्या अळ्या तुम्हाला तिथनं दिसत नाहीत, असं कवी बघणाऱ्याला तोंडावर सांगतो. शेवटी शेतकऱ्याच्याच अंगात क्षय आहे. चोर्ला घाटात गाडी थांबवून धुक्याचे फोटो काढणाऱ्यांना ही कविता वाचून दाखवावी असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

दुसरीत, 'द हिल फार्मर स्पीक्स'मध्ये, शेतकरी स्वतः बोलतो. या जमिनीच्या कडकपणानं माझी माया, विचार, नजाकत सगळं ओरबाडून नेलं म्हणतो, गल्लीत गुरांचा श्वास माझ्या श्वासात मिसळतो म्हणतो, आणि परत परत एकच, ऐका, मी तुमच्यासारखाच माणूस आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथं आहे. पहिल्या कवितेत जो नुसता दिसत होता त्याला इथं तोंड मिळालं. तरी ते शब्द पाद्रीचेच, हेही खरं, कारण शेतकऱ्यानं स्वतः लिहिलेलं ते नव्हे.

म्हणून पुढच्या तासाला सरांना विचारून ही दुसरी कविता मोठ्यानं वाचा. आणि आजोबांवर लिहायचं मनात असेल तर ते म्हशींना कुठल्या नावानं हाका मारायचे ते आधी वहीत लिहून ठेवा, 'अ पेझंट'मध्ये इयागोच्या मेंढ्यांना नावं नाहीत.