शेल वायूची विहीर लवकर का मंदावते?

प्रश्न : शेल खडकातल्या वायूचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते, असे वाचले. वायू संपतो का?

उत्तर : संपत नाही, त्याची वाट आटते. शेलची छिद्रे इतकी बारीक असतात की वायू खडकातून जवळजवळ सरकतच नाही. सुरुवातीला मिळतो तो भेगांलगतचा वायू. मागचा फार सावकाश येतो.

या भेगा कृत्रिम असतात. विहीर दोन-तीन किलोमीटर खोल नेऊन आडवी वळवतात, पोलादी नळी सिमेंटने पक्की करतात आणि दूरच्या टोकापासून एकेक टप्पा प्लगने वेगळा करून नळीला छिद्रे पाडतात. मग प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडतात, त्याने खडकाला भेगा पडतात. या पाण्यात रसायने जेमतेम एक टक्का असतात, चर्चा मात्र त्यांचीच जास्त.

खरी डोकेदुखी वाळूची. भेग उघडी ठेवायचे काम तिचे. पण पातळ पाण्यात ती तळाशी बसते आणि वरची भेग मिटते. प्रमाण घाईने वाढवले तर वाळू भेगेच्या तोंडाशीच तुंबते, दाब एकदम चढतो, पंप थांबवावे लागतात. चिकणमाती जास्त असलेल्या मऊ शेलमध्ये वाळूचे कण भेगेच्या भिंतीत रुततात. शिवाय एका टप्प्यातली सगळी छिद्रे सारखे पाणी घेत नाहीत. काही जवळजवळ कोरडीच राहतात.

विहीर सुरू करताना चोक (वायूचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) एकदम मोठा उघडणे ही टाळता येण्याजोगी चूक. वायूबरोबर वाळूही बाहेर येते, झडपा झिजतात आणि विहिरीलगत भेगांची तोंडे मिटतात. चोक टप्प्याटप्प्याने वाढवावा, प्रत्येक वेळी दाब आणि वाळू तपासून.