घरच्या रीफ टँकसाठी खारे पाणी तयार करताना ते पांढरट का होते, आणि खडेमीठ वापरले तर चालेल का?

तुमची पुण्यात 100 लिटरची रीफ टँक, म्हणजे प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तीत मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत, पण टाकीसाठीचे तयार सागरी मीठ महाग पडते म्हणून खडेमीठ वापरण्याचा सल्ला कोणीतरी दिला. शिवाय जे सागरी मीठ तुम्ही आणले, त्याचे पाणी दुसऱ्या दिवशीही दुधासारखे पांढरट राहिले, असे तुम्ही लिहिले आहे.

खडेमिठाचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत सुमारे 19.4 ग्रॅम क्लोराइड आणि 10.8 ग्रॅम सोडियम असते हे खरे, परंतु त्याखेरीज 2.7 ग्रॅम सल्फेट, 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी सुमारे 0.4 ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियमही असते. मिठागरात पाणी आटत जाते तशी आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम, आणि त्यानंतर मिठाचे खडे धरू लागतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचा बहुतेक भाग शेवटी उरलेल्या कडू पाण्यात राहतो आणि ते पाणी मिठापासून वेगळे काढले जाते. त्यामुळे उरण-पेणकडचे खडेमीठ समुद्रातूनच आलेले असले, तरी ते पुन्हा पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी मिळत नाही. अलिबागहून कॅन भरून पाणी आणण्याचा मार्गही मी सुचवणार नाही, कारण किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ व दूषित असण्याचा संभव मोठा असतो आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणा बराच उतरतो.

मीठ घालण्याआधी पाणी तपासावे. आपल्याकडे स्वयंपाकघरात असलेल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे साधे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात, म्हणून त्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण) बहुधा शून्य नसतो. रीफ टँकसाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) गेलेले, टीडीएस मीटरवर 0 दाखवणारे पाणी घ्यावे. क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि विशेषतः तांबे येथेच अडवले पाहिजे. तांब्याची अल्प मात्राही प्रवाळांना आणि कोळंबीसारख्या जीवांना घातक ठरते.

आता पांढरेपणाविषयी. मीठ घातल्यावर पहिली काही मिनिटे पाणी धूसर दिसणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल आणि बादलीच्या तळाला बोटाने पुसता येईल असा पांढरा थर धरला असेल, तर पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन त्यांची चुनखडी झाली आहे, असे समजावे. बादलीत आधी मीठ टाकून वरून पाणी ओतले, किंवा सगळे मीठ एकदम लोटले, की न विरघळलेल्या ढिगाभोवती अतिशय तीव्र द्रावण तयार होते आणि हे दोन घटक तेथेच परस्परांशी संयोग पावतात. पुढे पाणी कितीही ढवळले तरी खाऱ्या पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ती चुनखडी सहजी विरघळत नाही. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळेल असे अनेकांना वाटते, पण चुनखडीची विद्राव्यता तापमान वाढल्यावर कमी होते, त्यामुळे गरम पाणी उलट अपाय करते. पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी आधी सावलीत निववून घ्यावे.

मी स्वतः 20 लिटरच्या, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी भरतो, तळाशी एक पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचा छोटा पंप) चालू करतो आणि पॉवरहेडच्या झोतात मूठमूठ मीठ सोडतो. आधीची मूठ दिसेनाशी झाल्याशिवाय पुढची टाकत नाही. बहुतेक सागरी मिठे लिटरला 36 ते 40 ग्रॅम लागतात, परंतु या वजनावर विसंबू नये. मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून जुलैतल्या एक किलो मिठात क्षार कमी आणि पाणी जास्त असू शकते. पिशवी फोडल्यावर मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि दगडासारखे झालेले गठ्ठे फोडून वापरू नयेत.

खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून तो दाखवणाऱ्या उपकरणावर, मोजावा. 35 भाग प्रति हजार, म्हणजे सुमारे 1.026 विशिष्ट गुरुत्व, हे उद्दिष्ट असावे. हे उपकरण शुद्ध पाण्यावर शून्य दाखवत असले तरी 35 जवळ चुकू शकते, म्हणून त्याच टप्प्यावर त्याची पारख करावी. 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात 36.5 ग्रॅम साधे मीठ विरघळवले, तर समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ते 35 दाखवते. स्वयंपाकघरातल्या मिठाचा या छंदात एवढा उपयोग मात्र नक्की आहे. तयार पाणी 37 निघाले, तर 20 लिटरमागे सुमारे 1.15 लिटर शुद्ध पाणी घालावे. कमी निघाले, तर मीठ बादलीतच वाढवावे. कोरडे मीठ जीव असलेल्या टाकीत कधीही टाकू नये.

तुमची आत्ताची पांढरट बादली लगेच ओतून देण्याची गरज नाही, कारण तो साका विषारी नसतो. अडचण आहे ती पाण्यातून निघून गेलेल्या घटकांची. साका खाली बसू द्यावा, वरचे पाणी अलगद दुसऱ्या बादलीत काढावे आणि त्याची अल्कलिनिटी (आम्ल शोषून सामू स्थिर ठेवण्याची क्षमता) व कॅल्शियम टेस्ट किटने तपासावे. समुद्राची अल्कलिनिटी साधारण 7 डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) असते आणि कॅल्शियम लिटरला 410 ते 420 मिलिग्रॅम. अल्कलिनिटी थोडी उतरली असेल, तर 20 लिटर पाण्यात ती 1 डीकेएच वाढवण्यास सुमारे 0.6 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो; तो आधी पेलाभर शुद्ध पाण्यात विरघळवून घ्यावा आणि बेकिंग पावडर मात्र वापरू नये. दोन्ही आकडे फारच खाली गेले असतील, तर ते पाणी टाकीत न घालता नवीन बादली भरावी.