डबा खाल्लास ते बरं केलंस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. महिन्याभरात तिसरा पेशंट तुझ्या ड्यूटीत गेला, रडू आलं नाही, आणि बॉडी खाली पाठवल्यावर तासाभरात तू डबा उघडून पोळी-भाजी खाल्लीस. 'बाई, मी दगड होतेय का?' असं विचारतेस. अगं, भूक लागली होती, खाल्लंस. सकाळपर्यंत बाकीचा वॉर्ड बघायचाच होता ना? यावर मी जास्त शाई घालवत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. चार पानांत तू त्या माणसाला सात वेळा 'बेड नंबर नऊ' म्हटलंयस. मी मोजलं.

नाव घे. डॉक्टरांनी डिक्लेअर केलं की सलाईन, कॅथेटर काढतेस, डोळे मिटतेस, हनुवटीला बँडेज बांधतेस. (एमएलसी, म्हणजे पोलीस केस, असेल तर नळ्यांना हात लावायचा नाही, हे तुला सांगायला नको.) ते करताना नाव घेऊन बोल. 'काका, आता कुशीवर वळवते हं,' असं आदल्या दिवशी स्पंजिंगला म्हणत होतीस ना, तसंच, पुढे त्यांचं नाव लावून. मावशी हसतील. हसू देत.

आणि पेशंट जायच्या आधीही बोल. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या अखेरच्या तासांतल्या, काहीच प्रतिसाद न देणाऱ्या काही पेशंटचा मेंदू आवाजाची दखल घेतो, असं ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, दिसलं. 2020 मध्ये ते छापून आलं. त्यांना बोलणं कळतं, असं त्यावरून म्हणता येत नाही, कबूल. पण आमच्या जुन्या सिस्टर ईईजी न बघताच बोलायच्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली सिस्टर अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर पुन्हा कधी भानावर न आलेली; तिला तिथल्याच सिस्टरांनी 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. 42 वर्षं! एक बॅच रिटायर झाली, दुसरी आली, भरवणं आणि अंग पुसणं चालूच. नुसत्या बेड नंबरासाठी कोण करतं एवढं?

मी हे शिकले ते चुकून. पावसाळ्यातली नाईट, मेडिकल वॉर्ड भरलेला, खालीही गाद्या. पहाटे चौदा नंबरचे आजोबा गेले. दहा मिनिटांत उरकलं सगळं. लेबलवर नाव मीच लिहिलं असणार. सातला त्यांची लेक पहिल्या एसटीनं आली, हातात मऊ भाताचा डबा. 'सिस्टर, रात्री अण्णा काही बोलले का?'

मी विचारलं, 'कोण अण्णा?'

तिची ओली पिशवी आजही डोळ्यासमोर आहे. त्यांचं नाव नाही.

तेव्हापासून मी नाव घेते. त्यापायी माझं हँडओव्हर लांबायचं, इन्चार्ज सिस्टर चारचौघांत 'हळूबाई' म्हणायच्या, घरी पोचेपर्यंत मुलगी शाळेत गेलेली असायची. ती अजून ऐकवते. ऐकवू दे. वॉर्डात माणसं कमी होती, तो काय माझा दोष? आणि नाव घ्यायला वेळ तो कितीसा लागतो? उशीर बाकीच्या कामांनी व्हायचा. मी चुकले नाही. निदान त्या बाबतीत तरी नाही.

रविवारी दुपारी फोन कर, झोप झाल्यावर. पहिल्या दोघांची नावं आठवतात का ते तोवर बघ. मला सांगायची गरज नाही. आठवली नाहीत तर वॉर्डच्या रजिस्टरमध्ये असतील.

तुझी,
बाई