वाचक विचारतात : २०२४ चं वाद्यसंगीत

फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांचे निकाल लागले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला. एरवी कुठला राग कसा ओळखायचा, हार्मोनियम कुठून घ्यावी, असं विचारणारी मंडळी आता २०२४ मधल्या वाद्यसंगीताच्या अल्बमबद्दल विचारतायत. विशेषतः ‘न्यू एज’ या नावाखाली येणाऱ्या संथ, ध्यानाच्या वळणाच्या संगीताबद्दल. काही पत्रांना इथे उत्तरं देते.

ताई, यादी नको. २०२४ मधला एकच अल्बम सांगा, जो तुम्ही पुन्हा पुन्हा लावलात. – एक शिक्षिका, तासगाव

र्‍यूइची साकामोतो यांचा ‘ओपस’.

हे जपानी संगीतकार मार्च २०२३ मध्ये कर्करोगानं गेले. त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, टोकियोत एनएचके या प्रसारण संस्थेच्या स्टुडिओत ते एकटे पियानोसमोर बसले. अख्खी मैफल एका बैठकीत वाजवण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून रोज थोडं थोडं करत काही दिवसांत वीस रचना वाजवल्या. त्यावर त्यांचे चिरंजीव निओ सोरा यांनी चित्रपट केला आणि ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये आलं.

यातली ‘टोंग पू’ आधी ऐका. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या त्यांच्या चमूची १९७८ ची ही रचना मूळची धावती, नाचरी, सगळी सिंथेसायझरवरची. इथे ती विलंबितात, म्हणजे संथ लयीत येते. पियानोत मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकता येत नाही. हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर विरायला लागतो आणि वाजवणाऱ्याच्या हातात त्याचं फारसं काही राहत नाही. साकामोतो त्या विरण्याला पुरता वेळ देतात. मागच्या सुराची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, अजून हवेत आहे तोवर पुढचा सूर तिच्यावर अलगद ठेवतात. तारुण्यातल्या चिजेतला एकेक स्वर हा माणूस शेवटी शेवटी असा तपासून ठेवत होता. मला हे ऐकताना दुसरं काही काम करता येत नाही.

पंखा बंद करून ऐका. त्याच्या घरघरीत अर्धा अल्बम बुडतो.

आमच्या घरी तिसऱ्या पिढीपासून तंबोरे होतात. तुम्ही मागच्या अंकात सिंथेसायझरवरच्या एका अल्बमचं कौतुक केलंत. मोबाइलवर तंबोरा आला, आता सिंथेसायझरवर राग आले. मिरजेत राहून तुम्ही हे उचलून धरता, याचं वाईट वाटलं. – एक वाचक, मिरज

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागावलात ते आपलेपणानं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या गल्लीतून जाताना मी आजही जवारी काढणाऱ्यांपाशी थांबते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ घासून आवाज खुला करायचा, ती ही जवारी. घोडीवर कानस इतकी हलकी फिरते की भुसा पडतो की नाही कळत नाही. मग तार चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. घोडीच्या पाठीला जो नखभर उतार द्यायचा त्यावर सगळं अवलंबून. तार त्या उतारावर घासत थरथरली तरच तिच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा. एका जागी तो आला की आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’, बोलू लागतो. हा स्वयंभू गंधार मोबाइलमधल्या तंबोऱ्यातही ऐकू येतो, कारण तो एखाद्या खऱ्या तंबोऱ्यावरूनच टिपलेला असतो. पण तिथे तो पहिल्या मिनिटाला जसा, तसाच साठाव्या मिनिटाला. तुमच्या भोपळ्यातला गंधार बोट पडण्यावर, हवेतल्या दमटपणावर, गाणाऱ्याच्या आवाजावर हलतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांना मिळालं असं मी मानते.

आता त्या अल्बमबद्दल. अरुशी जैन यांचा ‘डिलाइट’, मार्च २०२४. त्याचा पाया बागेश्री राग आहे. मोड्युलर सिंथेसायझर म्हणजे तारांच्या जंजाळानं एकमेकांना जोडलेल्या छोट्या छोट्या पेट्या. प्रत्येकीचं बटण हातानं फिरवून आवाज घडवायचा. त्यावर त्यांनी स्वतःचा गळा थरावर थर ठेवलाय. बागेश्रीत मध्यमाचं, म्हणजे ‘म’चं राज्य, म्हणून आपल्याकडे तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी (‘प’ऐवजी) मध्यमात लावतात. या बाई तंबोरा घेत नाहीत, पण मध्यमाभोवतीची ती ओढ त्यांना नेमकी सापडली आहे. मला अल्बम आवडला तो एवढ्यासाठी, की त्यांनी यंत्राला तंबोऱ्याची नक्कल करायला लावलेलं नाही. नक्कल करणाऱ्या यंत्रानं तुमचं गिऱ्हाईक पळवलं, हे खरं आहे आणि त्याचं मलाही दुःख आहे. हे यंत्र ते करत नाही.

तुमच्या मुलांना ऐकवा. आणि आपल्या वाद्याचं त्या वर्षातलं काय, असं विचारतील तर अनुष्का शंकर यांचा ‘चॅप्टर टू : हाऊ डार्क इट इज बिफोर डॉन’ लावा. एप्रिल २०२४. छोटेखानी अल्बम, पीटर रेबर्न यांच्यासोबत केलेला. शेवटचा जलद झाला नाही, तीनदा फिरून समेवर येणाऱ्या तिहाया नाहीत, द्रुतात जाण्याची घाई नाही. तार छेडायची आणि ती काय सांगते ते ऐकायचं, इतकंच. सतार शिकणाऱ्याला हे फार सोपं वाटेल. एक सूर तेवढा वेळ रिकामा सोडून बघावा, मग कळतं.

२०२५ चा न्यू एजचा ग्रॅमी ‘त्रिवेणी’ला मिळाला. चंद्रिका टंडन आपल्या, म्हणून अभिमान वाटला. तुमच्या आवडत्यांत तो आहे का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

अभिमान मलाही वाटला. चंद्रिका टंडन यांचे मंत्र, वाउटर केलरमन यांची बासरी आणि एरू मात्सुमोतो यांचा चेलो, असा हा संगम आहे. केलरमन आणि आपले रिकी केज यांना याच विभागात २०१५ मध्ये ‘विंड्स ऑफ संसारा’साठी पारितोषिक मिळालं होतं. २०२५ मध्ये केज आणि अनुष्का शंकर हे दोघंही नामांकनात होते.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. चेलो मंत्राखाली एकटा वाहतो त्या जागा मला फार भावल्या. पण बऱ्याच ठिकाणी घुमारा इतका घातलाय की सूर संपायच्या आतच सगळं एकजीव होतं. देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो तो दगडाचा गुण. स्टुडिओत तो बटणानं चढवला की वादकाच्या बोटांचा, ओठांचा पत्ता लागत नाही, आणि मला वादक तर तिथेच भेटतो. १९६८ मध्ये पॉल हॉर्न यांनी ताजमहालाच्या घुमटाखाली बासरी वाजवून ‘इनसाइड’ हा अल्बम केला, तो काढून ऐका. ते एक स्वरसमूह सोडतात, घुमटाचं उत्तर येईपर्यंत थांबतात आणि मग पुढे जातात.

माझं पारडं त्या विभागात अनुष्का शंकर यांच्याकडे झुकलं होतं.

झाकीरभाई गेल्यापासून काही ऐकावंसं वाटत नाही. कुठून सुरुवात करू? – एक तबल्याचा विद्यार्थी, विटा

‘अ‍ॅज वी स्पीक’. हा २०२३ चा, पण ग्रॅमी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला. त्या एका रात्रीत झाकीर हुसेन यांना तीन ग्रॅमी मिळाले, त्यातले दोन या अल्बमचे, आणि त्याच डिसेंबरच्या १५ तारखेला ते गेले. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मेयर यांचा डबल बेस, सोबत राकेश चौरसियांची बासरी.

तुम्ही तबला शिकताय, म्हणून एकच खूण देते. बँजोला आस जवळजवळ नसते. सूर टचकन येतो आणि संपतो. ती मोकळी जागा डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा तबला, भरतो. मनगट दाबत नेऊन काढलेली ती मींड बँजोचा तुटलेला सूर उचलून पुढच्या सुरापर्यंत पोहोचवते, आणि हे इतकं सहज होतं की ताल धरलाय की गाणं म्हटलंय असा प्रश्न पडावा. यातली ‘पश्तो’ ही रचना नुसत्या डग्ग्याकडे लक्ष देऊन ऐका. दुसऱ्या दिवशी रियाजाला बसाल.

आमच्या योगवर्गात सांगतात की ४३२ हर्ट्झचं संगीतच शरीराला बरं करतं, बाकीचं अपाय करतं. खरं काय? – एक वाचक, कुपवाड

तसा कुठलाही पुरावा नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. ४४० हर्ट्झचा ‘ए’ हा पाश्चात्त्य स्वर म्हणजे वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेला आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ४३२ त्याहून अर्ध्या सुराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं खाली. आणि आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे ‘सा’, बांधलेलाच नाही. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी चार, आवाज बसला असेल तर त्या दिवशी आणखी खाली. मिरजेत दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला जी संगीत सभा होते, तिथे एका रात्रीत किती वेगवेगळे षड्ज लागतात! निववणारं संगीत जरूर ऐका. आकडा बघून निवडू नका.

शब्दांशिवाय लांबच्या प्रवासात ऐकायला काहीतरी सांगा. मी रोज सातारा–पुणे करतो. – एक वाचक, सातारा

हेर्मानोस गुतिएरेस या दोन भावांचा ‘सोनिदो कॉस्मिको’, जून २०२४. दोन गिटारी आणि भरपूर मोकळं रान. खंबाटकीच्या वळणांना शोभेल. त्यातली सरकत्या सुरांची गिटार आवडली तर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’कडे वळा. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ब्रिजभूषण काबरा यांनी तशी गिटार आपल्या रागांत आणली. पहाटेच्या अहिरभैरवापासून सुरू होऊन रात्रीकडे जाणारी ती गोष्ट आहे. मोबाइलमधलं शफल आधी बंद करा, नाहीतर पहाडी झाल्यावर अहिरभैरव लागेल.

माझ्या दवाखान्यात पेशंट तासन्‌तास बसून असतात. टीव्ही काढून टाकलाय. काय लावू? – एक डॉक्टर, इस्लामपूर

टीव्ही काढलात, फार छान केलंत. २०२४ मधलं काही सुचवत नाही, कारण या कामासाठी ब्रायन इनो यांचा १९७८ चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ आहे. विमानतळावर तिष्ठणाऱ्यांसाठीच तो घडवला. वेगवेगळ्या लांबीच्या फितींचे तुकडे एकाच वेळी फिरत राहतात, त्यामुळे तेच स्वर दर वेळी नव्या जागी भेटतात. मध्ये घोषणा झाली तरी काही तुटत नाही, अशी त्याची बांधणी आहे. पहिला तुकडा सतरा मिनिटांचा, पियानोचा. तोच पुरे होईल. स्पीकर भिंतीवर उंच लावा, पेशंटच्या डोक्यामागे नको, आणि आवाज एवढाच ठेवा की कंपाउंडरनं साध्या आवाजात नाव पुकारलं तरी शेवटच्या बाकावर ऐकू जाईल.