दहा हजाराचा हेडफोन ॲम्प आणि लाख-दोन लाखाचा, खरंच फरक ऐकू येतो का?

हेडफोन ॲम्प म्हणजे हेडफोनला पुरेशी ताकद पुरवणारा डबा, त्याच्या आवाजात म्हणाल तर बहुतेक वेळा नाही, पण आधी तुमचा हेडफोन कोणता ते सांगा, कारण सगळं तिथेच अडतं. सेनहायझर एचडी ६०० घ्या, ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), १ व्होल्टला साधारण ९७ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) देतो, म्हणजे ऑर्केस्ट्राचे ११० डीबीचे पीक, म्हणजे सर्वात मोठ्या आवाजाचे क्षण, हवे असतील तर साडेचार व्होल्ट लागतात, पॉवर मात्र जेमतेम ७० मिलीवॅट, आणि हे काम जेडीएस ॲटम किंवा शीट मॅग्नीसारखा शंभर डॉलरच्या आसपासचा ॲम्प आरामात करतो. फोनचा डोंगल (चार्जिंगच्या खाचेत लावून हेडफोन जोडायची छोटी पिन) इथे कमी पडतो, तो साधारण १ व्होल्टच देतो. हायफायमॅन सुसवारा हा हेडफोन असेल तर गोष्ट वेगळी, त्याला तेवढ्याच आवाजाला अर्धा वॅट लागतो, तिथे दमदार ॲम्प हवाच, पण दमदार म्हणजे लाखाचाच असं काही नाही हो!

महागात मिळतं काय तर जड मेटल बॉडी, बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांना वेगवेगळी जोडणी), जास्त इनपुट आणि मख्खनसारखा फिरणारा व्हॉल्यूम नॉब. बेंचमार्क एचपीए४ या महागड्या ॲम्पमध्ये तर रिलेवाला (छोट्या विजेच्या स्विचांनी चालणारा) व्हॉल्यूम आहे, फिरवला की टिकटिक ऐकू येते, मजा येते बुवा, नाही म्हणत नाही. (ट्यूब ॲम्पवाले, म्हणजे जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प वापरणारे, चिडतील, पण त्यातला वेगळा आवाज हा मुद्दाम घातलेला रंग असतो, आवडला तर घ्या की.)

दुकानात तुलना करताना दोन्हीचा आवाज मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून सारखा करून घ्या, नाहीतर एखादा डीबी जास्त असलेला ॲम्प उगाच भारी वाटतो. उरलेले पैसे हेडफोनमध्ये घाला.