किराण्यासाठी कोणतं क्रेडिट कार्ड? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आमचं पाच माणसांचं घर. महिन्याचा किराणा १४ हजारांच्या आसपास जातो. त्यात ८ हजारांचं सामान रविवार पेठेतून आणि गल्लीतल्या दुकानातून येतं, ४ हजारांचं सुपरमार्केटमधून, आणि उरलेलं दूध-भाजी रोखीनं. ‘किराण्यावर ५ टक्के परत’ अशी जाहिरात असलेलं कार्ड घ्यावं का?
— एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर: ताई, ५ टक्के कुठल्या दुकानात मिळणार, हे आधी बघा. तुम्ही तूरडाळ घेतली की साबण, हे बँकेला दिसत नाही. तिला दिसतो तो दुकानाचा एमसीसी, म्हणजे दुकानाचा प्रकार सांगणारा चार अंकी कोड. किराणा दुकान आणि सुपरमार्केटचा कोड ५४११, डिपार्टमेंट स्टोअरचा ५३११. मशीन किंवा क्यूआर देणारी कंपनी दुकान नोंदवताना हा कोड ठरवते. त्यामुळे कपडे, भांडी आणि किराणा एकाच छताखाली विकणाऱ्या मोठ्या दुकानाचा कोड ५३११ असला, तर पिशवीत निव्वळ तांदूळ असूनही ‘किराणा’ म्हणून काही मिळत नाही. कार्ड आल्यावर त्या दुकानात आधी दोनशे रुपयांची खरेदी करा आणि स्टेटमेंटमध्ये किती जमा झालं ते पाहा, मगच मोठं बिल त्यावर टाका.

दुसरं म्हणजे मर्यादा. ‘५ टक्के’ ठळक छापलेलं असतं. महिन्याला जास्तीत जास्त किती, हे खाली बारीक अक्षरात. तुमच्याच आकड्यांवर दोन नमुना कार्डं लावून बघू.

पहिलं कार्ड: सुपरमार्केटवर ५ टक्के, पण महिन्याला कमाल १५० रुपये; यूपीआयवर काही नाही; फी ५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५९०. सुपरमार्केटच्या ४ हजारांवर २०० व्हायला हवेत, मर्यादेमुळे १५० होतात. वर्षाचे १,८००, त्यातून फी गेली की हातात १,२१०. वर्षाला एक लाख खर्च केला तर फी माफ, असं सांगतील. पण या कार्डावरून तुमचे जाणार ४८ हजार. फी माफ व्हावी म्हणून नको ती खरेदी करू नका.

दुसरं कार्ड: ‘रुपे’चं (व्हिसा, मास्टरकार्डसारखंच, पण यूपीआयला जोडता येणारं), फी नाही, यूपीआय धरून सगळीकडे १ टक्का. ८ आणि ४ मिळून १२ हजारांवर महिन्याला १२०, वर्षाला १,४४०. जाहिरात फिकी, पण तुमच्या घरात हेच कार्ड २३० रुपयांनी पुढे. सुपरमार्केटच्या कार्डाची मर्यादा महिन्याला २०० असती, तर ते १,८१० देऊन जिंकलं असतं. म्हणून कार्डाचं नाव विचारण्याआधी मर्यादा विचारा.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं तिखट, हळद, तांदूळ भरायची रीत आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, मसाला, पोतं-दोन पोती तांदूळ असं एका फेरीत १८ हजारांचं सामान सहज होतं. पहिल्या कार्डाची मर्यादा ३ हजारांच्या खरेदीलाच संपते, त्यापुढचे १५ हजार कोरडे. खरेदी दोन बिलचक्रांत विभागली तर थोडं जास्त मिळेल; पण मिरचीचा भाव वाढत असेल तर त्या दीडशे रुपयांसाठी थांबण्यात अर्थ नाही. मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याला आहे की स्टेटमेंटच्या चक्राला, हे मात्र आधी विचारून ठेवा.

पॉइंट देणाऱ्या कार्डाचा हिशेब रुपयांत करा. १०० रुपयांवर २ पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे परतावा अर्धा टक्का. पॉइंट वटवायला वेगळं शुल्क आहे का, ते कधी बाद होतात, आणि पैसे बिलातून वजा होतात की कॅटलॉगमधला मिक्सरच घ्यावा लागतो, हेही पाहा. किराण्यासाठी बिलातून थेट वजा होणारं कॅशबॅक बरं.

या सगळ्याची अट एकच: बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर थकलेल्या १० हजारांवर ३५० रुपये, त्यावर जीएसटी ६३, एकूण ४१३. दुसऱ्या कार्डाची साडेतीन महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. ‘किमान देय रक्कम’ भरली की लेट फी टळते, व्याज टळत नाही. खात्यातून आपोआप भरणा लावाल तेव्हा ‘पूर्ण देय रक्कम’ हाच पर्याय निवडा. अर्जावर ‘किमान’वर खूण केलेली नाही ना, हे पाहा.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, क्रेडिट कार्ड चालत नाही, किंवा दोन टक्के जास्त द्या. दुकानात क्यूआर तर लावलेला आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर: यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, आणि तेही व्यापारी क्यूआरवरच चालतं. दुकानदारानं स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर व्यवहार अडकतोच. त्यात तुमच्या कार्डाचा दोष नाही. व्यापारी क्यूआर असला तरी दुकानदाराला शुल्क पडू शकतं. छोट्या दुकानांना २,००० रुपयांपर्यंतच्या रुपे क्रेडिट व्यवहारावर ते माफ आहे, त्याहून मोठ्या बिलावर लागतं. म्हणूनच काही जण क्यूआरवर क्रेडिटची सोय बंद ठेवतात.

दोन टक्के जास्त मागणं दुकानदाराच्या बँकेशी झालेल्या करारात बसत नाही. पण रोजच्या वाण्याशी त्यावरून भांडण्यापेक्षा साधं गणित करा: दोन टक्के देऊन एक टक्का परत घेणं तोट्याचं. तिथे बचत खात्यातून यूपीआय करा किंवा रोख द्या. ओळखीचा दुकानदार रोखीवर किलोमागे दोन रुपये सोडत असेल, तर कुठलंही कार्ड त्याच्यापुढे टिकणार नाही.

प्रश्न: शेती आहे, पगाराची स्लिप नाही. बँकेनं अर्ज नाकारला. सोसायटीत माझी ठेव आहे, तिच्यावर कार्ड मिळेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: पतसंस्थेच्या किंवा मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवीवर मिळणार नाही. ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. अनेक बँका ठेवीच्या ८० ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देतात आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत. ठेवीवर व्याज चालू राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. बिल थकलं तर बँक त्यातूनच वसूल करते.

२० हजारांच्या मर्यादेवर ९ हजारांचा किराणा गेला की वापर ४५ टक्के दिसतो. क्रेडिट स्कोअरसाठी तो ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा. तेव्हा स्टेटमेंट निघण्याच्या चार-पाच दिवस आधी तीन-चार हजार भरून टाका. अर्जाआधी तुमचा पिनकोड त्या बँकेच्या सेवायादीत आहे का, हेही विचारा. खेड्यांतले बरेच अर्ज तिथेच अडतात.

प्रश्न: न मागता ‘लाइफटाइम फ्री’ कार्ड घरी आलं. काय करू?
— एक वाचिका, चिकोडी

उत्तर: कोणी फोनवर ‘चालू करायला ओटीपी सांगा’ म्हणालं तर सांगू नका. न मागता कार्ड देण्याला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंदी आहे. असं कार्ड तुमच्या संमतीशिवाय चालू करून शुल्क लावलं, तर बँकेला ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. बँकेला लेखी कळवून कार्ड बंद करायला सांगा. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद व्हायला हवं. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालांकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.