हेरिटेज प्रिसिंक्टमध्ये गेलं की घराला खिळाही ठोकता येत नाही, हे खरं आहे का?

दादरमधली तुमची गल्ली हेरिटेज प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे वारसा म्हणून जपायच्या परिसरात, घ्यायचा प्रस्ताव आलाय, शेजारी म्हणतात आता खिळाही ठोकता येणार नाही, तर हरकत नोंदवावी का, असं तुम्ही विचारलंय. हे खिळ्याचं वाक्य मी २०१२ साली आमच्या जिन्यात उभं राहून ऐकलंय. ते तेव्हाही खोटं होतं.

त्या वर्षी मुंबईच्या वारसा यादीत भर घालायचा प्रस्ताव आला आणि त्यात शिवाजी पार्क परिसर होता. आमची इमारत पार्कापासून दोन गल्ल्या आत, तळमजला अधिक तीन. दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, छापील हरकतपत्रांचा गठ्ठा घेऊन दारोदार सह्या गोळा करत होता. मी १९९५ ची वारसा नियमावली मिळवली आणि रात्री जेवणाच्या टेबलावर त्याला वाचून दाखवली. श्रेणी १ म्हणजे सीएसएमटीसारख्या वास्तू, तिथे हात लावायचीच चोरी. श्रेणी २ मध्ये आतले बदल बहुतेक चालतात. श्रेणी ३ मध्ये आतले-बाहेरचे दोन्ही, वारसा समितीला विचारून. आणि प्रिसिंक्ट म्हणजे गल्लीचा एकूण चेहरा: उंची, दर्शनी भाग, गॅलऱ्यांची रांग. तुमच्या मोरीच्या लाद्या बघायला कोणी येत नाही. समिती सल्ला देते, परवानगी पालिका आयुक्त देतात. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे सगळं कागदावर." मी सही केली नाही. घरातली एक सही कमी पडली म्हणून तो माझ्याशी गणपतीपर्यंत बोलला नाही.

इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली २०१६ ला. पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी मी गेले होते. आमच्या जिन्याला प्रत्येक वळणावर लोखंडी जाळी होती, खाली अर्धा सूर्य आणि वर पंख्यासारखे फाकलेले नऊ किरण. लहानपणी शाळेतून येताना मी पट्टीने ते किरण वाजवत वर जायचे. मधल्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा जड यायचा, कारण तो कधीतरी डाग देऊन जोडलेला होता. त्या सगळ्या जाळ्या फाटकापाशी भंगारच्या काट्यावर चढत होत्या. मी एक मागितली, माणसाने वजन केलं आणि किलोच्या भावाने दिली. सागवानी कठड्याचं वळण मात्र आधीच करवतीने दोन ठिकाणी कापलेलं होतं, ते नाही मिळालं.

२०१८ च्या जूनमध्ये ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. आमच्या इमारतीचाच काळ, तशाच गोलसर गॅलऱ्या, खिडक्यांवर तसेच छज्जे. आमच्या जागेवर तेव्हा निळे पत्रे होते आणि आत पाण्याने भरलेला खड्डा.

दादाची बाजू सांगायची राहिली, ती सांगते. आईचे गुडघे गेले होते आणि लिफ्ट नव्हती. गच्ची गळत होती. दुरुस्तीची जबाबदारी नियमाने मालकाची, आणि आमचा मालक शंभराच्या आतल्या भाड्यात काय करणार होता? ही या व्यवस्थेची खरी खोट आहे: घर जपा म्हणतात, पैसे कुठून आणायचे ते सांगत नाहीत. बांधकामाचा हक्क अडला तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, तरतूद आहे, पण ती मालकासाठी, पागडीवाल्या भाडेकरूच्या हातात त्यातून काही येत नाही. तुम्ही भाडेकरू असाल तर आधी हे विचारा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर पुनर्विकासाचे नियम वेगळे लागतात, तेही एखाद्या जाणत्या आर्किटेक्टकडून बघून घ्या.

पण लिफ्टचं म्हणाल तर, इमारतीच्या मागे सफाईसाठीचा गोल लोखंडी जिना होता, तीस वर्षं कोणी न वापरलेला. मी तो टेपने मोजला होता. साडेचार फूट रुंद, सहा फूट खोल जागा, रस्त्यावरून दिसतही नाही. लहान लिफ्ट तिथे बसत होती. दादाला मी तो कागद दिला, त्याने त्याच्या मागे सह्यांचा हिशेब लिहिला.

हरकत घ्यायची तर नक्की घ्या, त्यासाठी साधारण महिनाभर मिळतो. छापील पत्रावर मात्र सही करू नका. लिफ्ट हवी, गच्चीच्या दुरुस्तीला निधी हवा, भाडेकरूचा हक्क लेखी हवा, असं आपल्या शब्दांत सूचना म्हणून लिहा. आणि त्याआधी मागचा जिना मोजून या.